डावी चाकं थंड होती

माझ्या सासुरवाडीत मला कोणी कधी रागावलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात माझ्याबद्दल वाकडा शब्द निघत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, नशीबवान माणूस आहे. मलाही पूर्वी तसंच वाटायचं, आणि मी ते चारचौघांत मिरवायचोही. आता मात्र ती अदब मला सोसत नाही. का सोसत नाही ते सांगायचं तर एका ट्रेलरच्या ब्रेकपासून सुरुवात करावी लागेल.

माझं दुकान सुलतानपूरला, रस्त्याच्या कडेला. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, कामाचा खड्डा आणि हवा भरायचं यंत्र. मोठ्या गाड्यांच्या हवेच्या ब्रेकचं काम मी करतो. इंजिनाला हात लावत नाही, कितीही गळ घातली तरी नाही. सासुरवाडी पिंपळगाव राजाच्या पुढे, एका लहान गावात. आमच्या जिल्ह्यात माणूस भेटला की आधी विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे? मी घाटावरचा, बायको घाटाखालची. लग्न ठरलं तेव्हापासून दोन्हीकडून एकमेकांची खेचणं सुरू आहे. आमची बोली जालन्याकडे झुकलेली म्हणून ते हसतात, आणि त्यांच्या ‘मले-तुले’ला आम्ही हसतो.

सगळ्यांत जास्त खेचायचा माझा साळा. त्यानं शेतीच्या जोडीला एक जुना ट्रेलर घेतला होता, पुढं ओढणारी गाडी आणि मागं जोडलेली लांबलचक फळी, तिच्याखाली मागच्या बाजूला चाकांच्या दोन जोड्या. खामगावच्या तेलगिरणीतून सरकीची ढेप घाटावर न्यायची आणि जालन्याहून लोखंडी सळया भरून खाली यायचं, असा त्याचा धंदा. गाडीत कुठं काही वाजलं की तो मला फोन लावायचा आणि फोन चाकापाशी धरायचा. “भाऊजी, ऐका बरं, हे काय बोंबलून राह्यलं?” मी दुकानात बसून सांगायचो. चुकलं तर म्हणायचा, “घाटावरच्या मिस्त्रीले घाटाखालचा आवाज समजत नाही वाटते!”

मला हे फार आवडायचं. बाकीच्या घरांत जावई म्हणजे पाट, पाणी, टॉवेल-टोपी आणि चार दिवसांनी निरोप. इथं मी गेलो की कपडे बदलून ट्रेलरखाली शिरायचो आणि संध्याकाळी काळ्या हातानं बाहेर यायचो. सासूबाई कपाळावर हात मारायच्या. “लोकायले काय वाटन, जवायाले राबवून घेऊन राह्यले म्हणून!” साळा म्हणायचा, “मंग कायले केला मिस्त्री जवाई?” या घरात माझी गरज आहे, नुसता मान नाही, याचा मला गर्व होता. गर्वच म्हणतो, दुसरा शब्द नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ट्रेलर आल्यावर मामांनी बैलजोडी विकली. गुडघे धरले होते, वैरणपाणी होत नव्हतं. रडारड काही झाली नाही, गिऱ्हाईक चांगलं होतं, बैल शेजारच्याच गावात गेले. पण पोळा आला आणि मामांची पंचाईत झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो, तो हळद कालवलेल्या लोण्यानं पळसाच्या पानानं चोळायचा आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. जन्मभर केलेली गोष्ट. हात मोकळे बसेनात. तेव्हा मामा लोण्याची वाटी घेऊन सरळ ट्रेलरपाशी गेले.

आता ट्रेलरचा खांदा कुठं, यावर खळ्यात मोठा वाद झाला. साळा म्हणाला, जिथं ट्रेलर पुढच्या गाडीला जोडतात तो. मामा म्हणाले, ज्याच्यावर वजन पडते तो खांदा, म्हणजे चाकांवरचा. आणि ते वाकून, कण्हत, चाकांच्या मधल्या लोखंडाला हळद-लोणी चोळत राहिले. तेव्हापासून दर पोळ्याला ते चालू झालं. गावातली माणसं हसायची. मीही हसलो.

त्या वर्षी पोळ्याला बायको माहेरी गेली होती, मी गेलो नव्हतो, दुकानात गाड्या अडकल्या होत्या. पोळा झाल्यावर तिला आणायला म्हणून गेलो. घरात पाऊल टाकतोय तोच साळ्याचा ट्रेलर खळ्यात येऊन उभा राहिला आणि त्याच्यासोबत तो वास आला. ब्रेकचा लायनर, म्हणजे चाकाच्या लोखंडी ड्रमला आतून घासून तो थांबवणारा पट्टा, जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की सुटत नाही. साळा उडी मारून उतरला.

“भाऊजी, देवासारखे आले. घाटात उजव्या अंगाले धूर निंघून राह्यला. दोन खेपा झाल्या, हेच चालू आहे.”

मी चहासुद्धा घेतला नाही. तांब्याभर पाणी मागितलं, उजवीकडच्या चाकांच्या ड्रमवर चार थेंब टाकले. चर्र झालं आणि पाणी उडून गेलं. ड्रमवर निळसर झाक आली होती. मग डावीकडे गेलो. तिथं हात ठेवला. थंड. नुसतं ऊन लागलं असेल तेवढीच ऊब.

एव्हाना शेजारची माणसं गोळा झाली होती. त्यांत एक ट्रॅक्टरवाला होता, एक पिठाच्या गिरणीचा मालक होता, सगळे आपापल्या परीनं यंत्रातले जाणकार. मामा ओट्यावर उभे होते. मी मोठ्यानं म्हणालो, “डावं अंग ठणठणीत आहे. उजवीकडचे ब्रेक धरून बसलेत, सुटत नाहीत. सैल करतो.”

इथं थोडं थांबून सांगायला हवं. माझ्या दुकानात कोणी तापलेलं चाक घेऊन आला तर मी आधी थंड चाकाकडे जातो. ब्रेक दाबला की सगळ्या चाकांनी मिळून गाडी धरायची असते. एका बाजूची धरत नसतील तर दुसऱ्या बाजूची एकटी राबतात आणि तापतात. म्हणजे तापलेलं चाक पुष्कळदा निरोगी असतं, आणि थंड चाक आजारी. हे मी ड्रायव्हर लोकांना अगदी तोंडपाठ सांगतो. माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली मला ते येतं. सासुरवाडीच्या खळ्यात, आठदहा माणसांपुढं, ते मला आठवलं नाही.

आठवलं नाही म्हणतो, पण तेही पूर्ण खरं नाही. ड्रम निवल्यावर मी उजवं चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवलं. ब्रेक धरून बसलेलं चाक फिरत नाही, अंगाला घाम फुटतो. हे चाक एका हातानं भुर्रकन फिरलं. मला दिसलं ते. माझा हात क्षणभर थांबलासुद्धा. पण तोंडातून निदान निघून गेलं होतं, गिरणीवाला मान डोलावत होता, आणि मागं कोणीतरी म्हणालं होतं, “जवाई हुशार आहे, हात लावताबरोबर सांगतलं.” मी मनाशी म्हटलं, गार झालं म्हणून सुटलं असेल. आणि पाना घेऊन उजवीकडच्या दोन्ही चाकांचे ब्रेक चांगले सैल करून टाकले.

साळ्यानं खळ्यातच गाडी पुढं-मागं करून पाहिली. सपाट जागा, रिकामी गाडी, कशानंही थांबली असती. “मस्त!” म्हणाला. त्याच रात्री तो ढेप भरून घाट चढून गेला. सकाळी मी निघणार होतो, पण सासूबाईंनी ठेवून घेतलं. जावयानं एवढं काम केलं आणि न जेवता जायचं म्हणजे काय!

दुपारचं जेवण झालं. मी आणि मामा ओट्यावर बसलो होतो. मामा तंबाखू मळत होते आणि काहीतरी विचारायचं मनात घोळवत होते, ते मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, “जवाईबुवा, एक इचारू? हसू नका. त्याले ग्रीस किती द्या लागते?”

“कोणाला?”

“गाडीले. या सालची खांदमळणी म्या लोन्यानं नाही केली. तुमीच तं मांगच्या साली म्हणले होते.”

आणि मला आठवलं. मागच्या पोळ्याला मी तिथं होतो. मामा लोणी चोळत होते, सगळे हसत होते, आणि त्या हशात भर घालायची म्हणून मी म्हणालो होतो, “मामा, याला लोणी पचत नाही. याचं लोणी म्हणजे ग्रीस.” एवढ्यावर थांबलो नाही. ग्रीसचा हातपंप आणून, चाकामागं ब्रेक फिरवणारा दांडा असतो त्याच्या तोंडाशी तो लावून, दोनदा दाबून दाखवला होता. सगळे खूप हसले. मामा हसले नव्हते. ते लक्ष देऊन पाहत होते. कधी थांबायचं ते मी सांगितलं नाही. चेष्टा करताना ते कोण सांगतं?

“किती दिलं, मामा?”

“पोटभर पाजलं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “अख्खा डबा सरला. बैलाले खाऊ घालताना कोनी मोजते काय?”

“दोन्ही अंगाला?”

“नाही हो. उजवं अंग गोठ्याच्या भिताडाले लागून होतं, तथी मले वाकता नाही येत. डावंच केलं.”

त्या दांड्याला आतल्या बाजूनं एक रबराचं सील असतं. सील जुनं असेल आणि माणूस थांबला नाही, तर ग्रीस बाहेर न येता आत ड्रममध्ये उतरतं, लायनरवर पसरतं. मग ब्रेक कितीही दाबा, तो नुसता घसरत राहतो, आणि चाक थंड राहतं. मला सगळं एकदम कळलं. डावी बाजू ग्रीसनं गेलेली, उजवी एकटी गाडी धरत होती म्हणून तापत होती, आणि तीच मी माझ्या हातानं सैल केली होती. आता मागं ब्रेक नव्हतेच. आणि साळा सळया भरून घाट उतरणार होता.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही ताकीद मीच त्याला दिलेली. मी शेजाऱ्याची मोटरसायकल ओढून काढली. बायको दारात आली, “काय झालं?” म्हणाली. “काही नाही, येतो,” म्हणालो.

त्या रस्त्याबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण तेच खरं लिहिण्यासारखं आहे. मी घाबरलो होतो, गाडी पळवत होतो, देवाला हाक मारत होतो, हे सगळं झालंच. पण खामगाव यायच्या आत माझ्या डोक्यात वाक्यं तयार व्हायला लागली होती. ‘मामांनी ग्रीस भरलं, मला कोणी सांगितलंच नाही.’ ‘म्हाताऱ्या माणसानं कशाला हात लावायचा?’ साळा जिवंत आहे का नाही ते ठाऊक नव्हतं, आणि मी मात्र लोकांना काय सांगायचं ते जुळवून ठेवत होतो. मला ते लक्षात आलं तेव्हा मी भर रस्त्यात स्वतःला शिवी दिली. तरी वाक्यं थांबली नाहीत.

घाटाच्या एका वळणावर गर्दी दिसली. ट्रेलर डोंगराच्या अंगाला घासत जाऊन मातीच्या भरावात रुतला होता. मागच्या सळया सरकून पुढच्या गाडीच्या पाठीत घुसल्या होत्या, साळ्याच्या बसायच्या जागेपासून वीतभर अलीकडे थांबल्या होत्या. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. साळा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. कोपर सोलपटलं होतं, आणि कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं होतं. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर त्यानं गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि दरीकडे जाण्यापेक्षा डोंगरावर घातली. एवढं सुचलं म्हणून वाचला.

मला पाहून तो उठायला लागला. “भाऊजी, तुमी कायले आले एवढ्या उन्हात?”

मी म्हणालो, “माझं चुकलं. ब्रेक मीच सैल केले. डावीकडे ग्रीस होतं, मी पाहिलंच नाही.”

मला वाटलं आता देईल एक शिवी. द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. घाटावरच्या मिस्त्रीचा उद्धार करावा, दोन थोबाडीत द्याव्यात, साळ्या-भाऊजीचं नातं तिथंच मोडावं, तरी चाललं असतं. त्यानं पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. “जुनी गाडी आहे, चालतेच. तुमी पानी प्या आधी, घाम पाहा किती आला.”

मी ते पाणी प्यालो. त्याच्या आधी.

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट पोचली ती वेगळीच होऊन. जावयाच्या मनात पाल चुकचुकली, जावई जेवणावरून उठून घाटात धावत गेला, असा जावई मिळायला भाग्य लागतं. सासूबाईंनी पुन्हा पुरण घातलं. ताटात तुपाची धार धरून त्या म्हणाल्या, “तुमी होते म्हणून.” मी ताटावरून हात मागं घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मामी, मी होतो म्हणूनच झालं हे. चूक माझी आहे.”

सासूबाईंनी आणखी तूप वाढलं.

मामा जेवायला बसले नव्हते. ते बाहेर टाक्यापाशी हात धूत होते. बराच वेळ धूत होते. आत येऊन म्हणाले, “ग्रीस म्या पाजलं.”

आणि घराला जे हवं होतं ते मिळालं. दिवसभर साठलेला राग निघायला वाट मिळाली. साळा ताटावरून ओरडला, “बाबा, तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले? मेलो असतो म्या आज! बैल आहे काय तो?” सासूबाई बोलल्या, शेजारचे बोलले, माझी बायकोसुद्धा बोलली. मामा भिंतीला टेकून उभे होते. कोणी सांगितलं होतं, याचं उत्तर त्यांना माहीत होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चुकून नजर जाऊन माझं नाव निघेल म्हणून खाली पाहत राहिले.

“मी सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मागच्या वर्षी. मीच पंप लावून दाखवला.”

साळ्याचा आवाज लगेच खाली आला. “भाऊजी, तुमी त्यायले पाठीशी घालू नका. तुमचा सोभाव चांगला आहे म्हणून तुमी आपल्यावर घेऊन राह्यले.”

यावर काय करायचं? खरं बोललो तर माझा मोठेपणा वाढत होता. जितक्यांदा म्हणालो, तितक्यांदा वाढला. शेवटी मी गप्प बसलो आणि पुरणपोळी खाल्ली, हेही लिहायला हवं. गोड लागली नाही, पण खाल्ली.

नंतर ट्रेलरचं काम मीच केलं. खामगावला, दुसऱ्याच्या आवारात. पुढच्या गाडीचा पत्रा सरळ करणारे वेगळे होते. मी डावे ड्रम उतरवले तेव्हा आतून ग्रीसचे गोळे पडले, लायनर काळे होऊन चकाकत होते. ग्रीस प्यालेला लायनर पेट्रोलनं धुवून वापरणारे पुष्कळ आहेत. मी तसं करत नाही. तो वरून कोरडा दिसतो आणि तापला की पुन्हा पाझरतो. चारही चाकांचे लायनर नवे बसवले, सील बदलले, उजवीकडचे करपलेले ड्रम घासून घेतले. मग एकेक चाक उचलून ब्रेक आवळत गेलो, चाक अडेपर्यंत, आणि तिथून थोडा मागं, इतका की फिरवल्यावर कागद घासल्याएवढा आवाज यावा. चारही चाकांचा आवाज सारखा येईपर्यंत उठलो नाही. बघायला कोणी नव्हतं. आयुष्यातलं माझं सगळ्यांत चांगलं काम ते असावं, आणि त्याचा मला एक कणही आनंद झाला नाही.

मग साळ्याच्या शेजारी बसून रिकामा ट्रेलर घाट चढवून उतरवला. पायथ्याशी उतरून मी चारही ड्रमला हात लावला. चारही सारखे कोमट. साळा म्हणाला, “भाऊजी, तुमच्या हाताले तोड नाही.” मस्करी नव्हती त्यात. त्याच्या बोलण्यातली मस्करी त्या दिवसापासून गेली. फोनही येत नाही आता. गाडी वाजत नसेल असं नाही, जुना ट्रेलर आहे, वाजणारच. तो दुसऱ्या कोणाला तरी आवाज ऐकवत असणार.

परतताना एसटीत बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. मेहकर गेल्यावर तिनं एकदाच विचारलं, “चाक हातानं फिरवलं होतं ना तुम्ही? तेव्हा काही कळलं नाही?”

तिला मी खोटं बोलू शकलो नाही. “कळलं होतं.”

ती पुन्हा खिडकीकडे वळली. तिचा एकुलता एक भाऊ आहे तो. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, मुलांचे कपडे घडी केले. तिनं भांडावं म्हणून मी दोन दिवस मुद्दाम खोड्या काढल्या. भांडली नाही.

पुढच्या पोळ्याला मी दुकान बंद ठेवून गेलो. ट्रेलर खळ्यात उभा होता, या वेळी भिंतीपासून लांब, चारही बाजूंनी मोकळा. सासूबाईंनी सवयीनं वाटीत हळद-लोणी कालवून ठेवलं होतं. मामा ओट्यावर बसून होते. मी वाटी घेतली, त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो, “चला मामा, खांदमळणी करू. लोण्यानंच करू.”

“नाही,” ते म्हणाले. “त्या गाडीले आता म्या हात नाही लावत. माह्या हातानं पोरगं गेलं असतं.”

ते असं शांतपणे बोलले की मला कळलं, ते कोणापुढं बोलून दाखवत नाहीत, ते हेच मानतात. वर्षभर मानत आले आहेत. ज्या हातांनी जन्मभर बैलांचे खांदे चोळले, ते हात त्यांनी स्वतःच बाजूला ठेवून दिले होते. माझ्या एका विनोदासाठी आणि खळ्यातल्या माझ्या ऐटीसाठी. मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हणालो, “मामा, तुम्हाला माहीत आहे मी काय केलं. ग्रीस मी सांगितलं. ब्रेक मी सोडले. चाक मोकळं फिरताना मी पाहिलं होतं, तरी सोडले. ग्रीसचं खरं या घरात तुम्हा एकट्याला माहीत आहे. मला एकदा बोला हो. शिव्या द्या.”

मामांनी मला हाताला धरून उठवलं आणि शेजारी बसवलं. जावयानं खाली बसलेलं त्यांना चालत नाही.

“जवायाची चूक नसते,” ते म्हणाले. “जवायाची चूक आमची असते.”

मग त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, दारात ठेवली, आणि सासूबाईंना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.